पाचवी ते सातवीसाठी मी निवडलेली बारा पुस्तकं

लहान मुलांसाठी पुस्तकं निवडायला फार अक्कल लागत नाही. हे माझं मत मी मुलीच्या शाळेच्या पालकसभेत, माईकवरून, कुणीही विचारलेलं नसताना मांडलं.

आमच्या लातुरात बारशाला आलेले पाहुणेच विचारतात, मेडिकल की इंजिनिअरिंग? मी स्वतः क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणजे पोरांच्या हातातली गोष्टींची पुस्तकं काढून घेणं हाच एका अर्थी माझा धंदा. तरी त्या दिवशी मी ‘हल्ली मुलं वाचतच नाहीत हो!’ असा गळा काढला. वर्गाच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी बारा पुस्तकं निवडायचं काम तिथल्या तिथे माझ्यावर ढकललं. वर असंही ठरलं की माझी मुलगी सानिका, इयत्ता सहावी, त्यातलं एक पुस्तक सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवणार.

सानिकाचा चेहराच उतरला. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ती माझ्या मागे लपते. घरी आल्यावर म्हणाली, “बाबा, पुस्तक बोअर निघालं तर पोरी मला वर्षभर चिडवतील.”

“माझ्यावर सोड,” मी म्हणालो. (हे वाक्य कानावर पडलं की माझी बायको देवाजवळ दिवा लावते.)

पुस्तकं मी दुकानात उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत निवडली. अक्षर मोठं आहे का आणि वरच्या चित्रात एखादं पोरगं पळतंय का, एवढंच पाहिलं. एकही पुस्तक वाचलं नाही. बाईंना मात्र निरोप धाडला की यातलं कुठलंही पुस्तक कुठलंही पान उघडून वाचा, मुलं जागची हलणार नाहीत. बाईंनी तो निरोप शब्दशः घेतला. सानिकाने आधी पुस्तक उघडायचंच नाही, स्टेजवर उघडेल ते पान वाचायचं, असं ठरलं.

आता शाळेत पुस्तक जायचं म्हणजे खाकी कव्हर आलंच. दर जूनमध्ये आमच्या घरी हा कार्यक्रम असतो आणि तेव्हा मी कुणाचं ऐकत नाही. सतरंजी अंथरली, कात्री घेतली, बारा लेबलं सुंदर अक्षरात आधीच लिहून ठेवली. नेमके तेव्हा माझे सासरे, म्हणजे मामा, चाकूरहून आले होते. त्यांनी नुकत्याच दोन शेळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे सतरंजीच्या कडेला बसून ‘शेळीपालन’ नावाचं जाडसर पुस्तक वाचत होते. ते चहाला आत गेले. मी तंद्रीत होतो. हाताला आलं, त्याला कव्हर घातलं.

खाकीत गेल्यावर सगळी पुस्तकं सारखीच दिसायला लागली. लेबलं मी अंदाजाने चिकटवली. शेवटी एक पुस्तक बिनलेबलाचं उरलं. दुसरा कुणी असता तर त्याने ते उघडून पाहिलं असतं. मी दुकानदाराच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची शोधाशोध सुरू झाली. “पाव्हणं, माझं पुस्तक कुटं हाय?” मी ते उरलेलं पुढे केलं. “बरं केलंव कव्हर घातलंव, लई मळत व्हतं,” असं म्हणत त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि चाकूरची एसटी पकडली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. सानिका ‘साहसकथा’ असं लेबल लावलेलं पुस्तक छातीशी धरून स्टेजवर चढली आणि माझा फोन थरथरला. मामा होते.

“पाव्हणं, ह्या पुस्तकात शेळी अजून आलीच न्हाई की. चाळीस पानं झाली. पोरं गुहेत अडकून बसल्यात.”

मी खुर्चीतून अर्धा उठलो. खरी साहसकथा चाकूरला होती. मग सानिकाच्या हातात काय होतं? मी खाणाखुणा करायला लागलो. तिला वाटलं बाबा धीर देतायत. तिने पुस्तक उघडलं, एक क्षण थबकली, माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं, आणि वाचायला लागली.

“थंडीच्या दिवसांत जन्मलेलं करडू पुष्कळदा निपचित पडतं. अशा वेळी घाबरून जाऊ नये.” मागून दोघी-तिघी फिस्कन हसल्या. सानिका थांबली नाही. “नाकातोंडातला चिकटा पुसावा. गोणपाटाने अंग चोळावं. तरीही करडाने हालचाल केली नाही तर...”

पान संपलं. पाचवीतली एक चिमुरडी उभी राहून रडवेल्या आवाजात म्हणाली, “ताई, मेलं का ते?”

सानिकाने पान उलटलं. करडू जगतं, उठून उभं राहतं आणि आईचा चीक पितं, हे तिने असं वाचलं की सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी तर उभा राहून वाजवल्या. पोरगी त्या दिवशी माझ्यामुळे नाही, माझ्या निवडीला न जुमानता जिंकली.

बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “सर, गोष्टींच्या पुस्तकांत हे पुस्तक घालायचं धाडस तुम्हीच करू जाणे.”

“खूप विचार करून निवडलं,” मी म्हणालो. (हो, म्हणालो!)

तेवढ्यात पुन्हा मामांचा फोन आला आणि तो सानिकाने उचलला. आजोबा-नातीचं बराच वेळ बोलणं झालं. आजोबांचं म्हणणं असं की गुहेतली पोरं सुटेपर्यंत ते पुस्तक परत मिळणार नाही, आणि शेळ्यांचं पुस्तक शाळेने तोवर खुशाल वापरावं. शाळेने ते इतकं वापरलं की त्यासाठी पंचवीस जणांनी नंबर लावले. माझ्या बाकीच्या अकरा पुस्तकांची कव्हरं अजून कोरी करकरीत आहेत.

यंदा बाईंनी पुन्हा यादी मागितली. सानिकाने परस्पर निर्णय कळवला: पुस्तकं ती निवडणार, वाचून बघणार आजोबा. मी विचारलं, मग मी काय करू? तिने थोडा विचार केला आणि मोठ्या मनाने मला कव्हरं घालायचं काम दिलं.

लेबलं तिची आई लिहिणार आहे.