सोलापूरला राहिलेलं इष्टलिंग

विलायतेला जाण्यापूर्वी मी जे केलं, ते आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, कधीच सांगितलं नाही. इतरांनाही आज प्रथमच सांगतो आहे.

महायुद्ध संपलं होतं. निजामाचं राज्य अजून संपायचं होतं. शेतीशास्त्र शिकायला सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, इंग्लंडला जाण्याचा उर्दू हुकूम मला हैदराबादेहून आला. मुंबईची बोट चुकली, तर वजिफा दुसऱ्याला जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आमचं गाव नळदुर्गाजवळ, बोरी नदीच्या काठी. घर लिंगायत. वडिलांचं, अप्पांचं, भुसाराचं दुकान होतं.

निघायच्या दोन दिवस आधी मी सूट आणायला इंग्रजी मुलखातल्या सोलापूरला गेलो. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. माझं काळं, गुळगुळीत लिंग चांदीच्या डबीत होतं, लहानपणी दीक्षेच्या वेळी स्वामींनी बांधलेलं. ते अंगावरून उतरवायचं नाही. रोज अंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच जेवायचं. सूट चढवल्यावर छातीशी डबीचा उंचवटा दिसू लागला. शिंप्यानं दोन बोटांनी कापड चाचपलं.

“आतून जागा सोडतो की. तुमच्यातले कैक जण तसंच करून घेतात.”

“नको,” मी म्हणालो. “तिकडं असलं कुणी घालत नाही.”

मी डबी काढली, रुमालात गुंडाळली आणि जुन्या कोटाच्या खिशात ठेवली. काढ असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. आरशात सूट चांगला दिसला आणि मला बरं वाटलं, हेही नोंदवायला हवं.

जुन्या कोटाचं अस्तर फाटलेलं होतं. तो दुरुस्तीला टाकला. मुंबईला जाताना न्यायचा होता. नवा कपडा हातात दिसला की सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे, म्हणून सूट अंगावरच ठेवून मी भर उन्हात मोटारीत बसलो. नाक्यावरच्या शिपायानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“दूल्हेमियाँ, घोडा किधर छोडे?”

सगळी मोटार हसली. मला घाम, टाय आणि ते हसणं एवढंच जाणवत होतं. डबी आठवली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, नदीवर अंघोळीसाठी सदरा काढताना.

अव्वाला तेव्हाच सांगता आलं असतं. पण आपल्या हातानं उतरवलेलं लिंग पुन्हा गळ्यात यायचं, तर ते स्वामींनीच बांधायला हवं, हा तिचा हट्ट मला माहीत होता. स्वामी कर्नाटकात गेले होते आणि आठ दिवसांनी परतणार होते. तोवर तिनं मला उंबरा ओलांडू दिला नसता. बोट गेली असती.

पाण्याच्या कडेला आवळ्याएवढा काळा, गुळगुळीत गोटा मिळाला. तो लाल वस्त्रात गुंडाळून मी गळ्यात बांधला.

घरी अव्वा पूजेची तयारी करून समोर बसली होती.

“डबी कुठं हाय रं?”

“चांदीची आहे, अव्वा. बोटीत कुणी चोरायला नको म्हणून ट्रंकेत तळाशी ठेवली.”

“लई ब्येस केलंस.”

दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नाही, असा आमच्यात नियम आहे. त्या नियमामागं मी लपलो. गोटा तळहातावर घेतला, त्याला भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. मग जेवलो. अव्वानं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी, निघायच्या सकाळी, पुन्हा तेच केलं. त्या दिवशी हुग्गी होती, म्हणजे गव्हाची खीर. मी पानावर बसण्याआधी अव्वा माझ्या तळहातासमोर वाकली, कपाळ जमिनीला टेकवून बराच वेळ तशीच राहिली.

“परमुलखात पोरगं एकटं हाय,” ती गोट्याला म्हणाली. “तुझ्याबिगर त्याला तितं कुणी न्हाय. सांभाळ.”

माझा हात स्थिर होता. तो थरथरला, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पा सोलापूर स्टेशनपर्यंत पोहोचवायला आले. कोट घ्यायला मी एकटाच जातो म्हणालो, पण ते मागोमाग दुकानात शिरले. मला पाहताच शिंपी उठला.

“बरं झालं सायेब, आलात. अस्तर शिवलं न्हाय म्या. खिशात हात गेला अन् कळलं, तुमचा देव हाय आत. मग कोट तसाच वर टांगला.”

कोट भिंतीवर सगळ्यात वरच्या खुंटीला होता. खाली, शिलाईच्या मशिनीवर, जळून गेलेल्या उदबत्तीची राख होती.

अप्पांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला. मी लाल वस्त्र सोडून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उघडलं, गोटा उलटा-सुलटा करून पाहिला आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकला.

“टाकून द्या, अप्पा.”

“तिनं हात जोडल्यात ह्याला.”

शिंप्यानं कोट उतरवून माझ्या हाती दिला. मी डबी गळ्यात अडकवली. अप्पा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले होते. मी आलो तेव्हा ते रस्त्याकडं बघत होते. ते रागावतील, निदान असं का केलंस म्हणून विचारतील, असं मला वाटलं होतं. त्यासाठी एक वाक्यही मनात जुळवून ठेवलं होतं.

“मग दोन दिस जेवलास कसा?” त्यांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“भूक लागली होती, अप्पा.”

त्यांनी माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली. मी घेतो म्हणालो, ते त्यांनी ऐकलं नाही. स्टेशनपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढं चालत राहिले.