मावा आणि माहो

लकवा मारला आणि बायकोची हिंदी गेली, बोलायलाही आणि समजायलाही. रायपुरात जन्मभर भाजीवाल्यांशी हिंदीत भांडलेल्या बाईजवळ फक्त माहेरचं वऱ्हाडी उरलं. सून इथलीच, छत्तीसगढी. मुलगा दिवसरात्र उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये. त्याला मराठी समजतं, बोलता येत नाही. दोघींच्या मधे मी एकटा.

गच्चीवरच्या कुंड्यांत टमाटरची रोपं तिनं आजारापूर्वी लावली होती. पहिलं टमाटर स्वतः जिना चढून तोडीन, एवढ्याच आशेवर ती हातपाय हलवायची. म्हणून पानं आकसायला लागली तेव्हा मी लगेच खाली जाऊन तिला सांगितलं.

खाटेवरून ती म्हणाली, "पान उलटून पाहा जी, मावा असंन." गच्चीवर सुनेनं पान उलटलं. खाली बारीक हिरवे मऊ किडे चिकटलेले. "माहो लगे हे, बाबूजी."

संध्याकाळी साबणाचं पाणी मारा, असं दोघींनीही सांगितलं. पण माझं आयुष्य रेल्वेच्या फायलींत गेलेलं. मला वाटलं, किडे दोन जातींचे आहेत, साबणानं काय होणार? दुकानदाराला माहो कळला, मावा कळेना. मी म्हणालो, दूसरा कीड़ा है, बड़ा जिद्दी. त्यानं दोन जहाल औषधं दिली. मी ती एकाच बादलीत कालवून भर उन्हात फवारली.

दुसऱ्या दिवशी पानं जळाली, मग देठ काळे पडले. मी कुंड्यांवर ओली चादर धरून बसलो, पाणी ओतत राहिलो. काही उपयोग झाला नाही. खाली येऊन बायकोला म्हणालो, सूनबाईनं काहीतरी फवारलं.

तिनं व्यायाम सोडला. सुनेच्या हातचा घासही घेईना. अम्मा क्या बोल रही हैं, सून विचारायची. भूख नहीं है, मी सांगायचो. बायको तशीच गेली.

यंदा सुनेनं पुन्हा टमाटर लावलं. परवा तिनं पान उलटून दाखवलं, तोच मावा, तिच्या बोलीतला माहो, तेव्हा मला राहवलं नाही. अडखळत, हिंदीत, सगळं सांगून टाकलं.

ती साबणाचं पाणी ढवळत राहिली. "मालूम था, बाबूजी. दोनों शीशियाँ मैंने ही फेंकी थीं."

मग तेव्हा अम्माला का सांगितलं नाहीस, मी विचारलं.

"किससे कहलवाती? बीच में तो आप ही थे."