दादामियाँची कडी

दादामियाँच्या मुलाचं, इक्बालचं पत्र कुवेतमधल्या माझ्या कचेरीत आलं तेव्हा मी ड्रॉइंगबोर्डावर वाकलेला होतो. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नव्हतं, म्हणून तासभर ते तसंच पडू दिलं. जेवणाच्या सुट्टीत फोडलं. ‘अब्बा गेले. तुमची आठवण काढत होते. सुट्टीवर आलात तर घरी या.’ एवढंच. मी डबा उघडला आणि सगळा खाल्ला. मग हात धुताना एकाएकी लक्षात आलं, की मला दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. आता ती गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच उरलो... त्या सुटल्यासारखं वाटण्याची शरम अजून गेलेली नाही, म्हणून हा लेख.

दादामियाँ मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. कुवेतच्या मीना अल-अहमदी बंदराच्या धक्क्यावर स्टोअरकीपर होते. मी पुण्याहून ड्राफ्ट्समन म्हणून गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि कुणी मराठी बोलणारा दिसला तर त्याच्या गळ्यात पडावं अशा अवस्थेत होतो. अबू हलीफा नावाच्या गावात समुद्राजवळ एका मातीच्या घरात दोन खोल्या होत्या, एक त्यांची, एक माझी, आणि दोन्हींच्या मागे भिंतीनं वेढलेलं अंगण. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण मला ‘जोशीभाऊ’ म्हणत. माणूस उंच, किडकिडीत, बोलण्यात सदा मिश्कील. माझ्या वरणाला ते ‘पिवळं पाणी’ म्हणत आणि दोन वाट्या पीत.

त्यांच्याकडे चिंगळी नावाची मांजर होती. चिंगळं म्हणजे बारीक कोलंबी, ती एवढीच खायची म्हणून हे नाव. पांढरी, एका कानाला कातरल्यासारखी, आणि स्वभावानं थेट माझ्या मोठ्या आत्यासारखी... कुणाचंही न ऐकणारी. कुवेतची थंडी न पाहिलेल्यांना खरी वाटणार नाही. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की अंगणातल्या डब्यातल्या पाण्यावर पहाटे बर्फाचा पातळ पापुद्रा धरायचा. दादामियाँ बोटानं तो फोडायचे, पक्ष्यांना पाणी मिळावं म्हणून. त्या दिवसांत चिंगळी त्यांच्या कोटाच्या आत झोपायची आणि ते एका हातानं कोट धरून दुसऱ्या हातानं चिमण्यांना भाकरीचा चुरा टाकायचे. चिमण्या, कधी एखादा तुरेवाला हुदहुद, आणि शेपटी खालीवर हलवत चालणारा धोबी पक्षी. हा धोबी त्यांचा विशेष लाडका. “आमच्या गावाला पण थंडीत हाच येतो,” ते म्हणायचे. “हय उतरतो, चार दाणे खातो, मग फुडं कोकणात जातो. माझा सलाम घेऊन जातो.” मांजरीपासून पक्ष्यांना धोका नको म्हणून त्यांनी तिच्या गळ्यात शेळीची घंटा बांधली होती. मांजर आणि पक्षी दोघांवर सारखाच जीव असलेल्या माणसाला असा बंदोबस्त करावाच लागतो. घंटा वाजली की पक्षी भिंतीवर, घंटा थांबली की खाली. चिंगळी त्यामुळे कायम रागावलेली असे.

एकोणसाठ सालच्या जानेवारीत माझी आई गेल्याची तार आली. तार पोचेपर्यंत तीन दिवस होऊन गेले होते, आणि बोटीनं मुंबईला पोचायला आठवडा तरी हवा. थोरले बंधू पुण्यात सगळं यथासांग करत होते. मी काही केलं नसतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण दोन वर्षांत मी घरी गेलो नव्हतो. आईनं तीनदा लिहिलं होतं, ‘एकदा तोंड दाखवून जा.’ तिन्ही वेळा मी पैशाचं कारण पुढे केलं आणि तिन्ही वेळा रेडिओ घेण्यासाठी पैसे जमवत होतो. त्यामुळे मीच हट्ट धरला. दहावा दिवस शुक्रवारी येत होता, सुट्टीच होती. भात शिजवला, दही घातलं, पिंड वळला, बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर ठेवून अंगणाच्या भिंतीवर नेऊन मांडला, शेजारी उदबत्ती लावली. आणि मग आभाळाकडे बघत उभा राहिलो.

दादामियाँ बाहेर आले. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“कुणाची वाट बघतोस?”

“कावळ्याची.”

ते हळूच म्हणाले, “जोशीभाऊ, हय कावळा खय हाय रे?”

दोन वर्षं मी त्या गावात राहत होतो आणि तिथे कावळे नाहीत ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती! पुण्यातल्या माणसाला कावळा गृहीतच असतो. मी मटकन बसलो. दादामियाँनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पाखरू तं पाखरू. कुणीतरी येईलच. मी चिंगळीला कोंडतो.” त्यांनी तिला उचलून आपल्या खोलीत नेलं, कडी लावली, ती लागली का ते ओढून पाहिलं, आणि थंडीत माझ्या शेजारी उकिडवे बसले. तासभर आम्ही तसेच बसलो. मनातल्या मनात मी आईला सगळी वचनं दिली. धाकटीचं लग्न करीन, उन्हाळ्यात येईन, रेडिओ विकीन. चिमण्या भिंतीवर येत, फुगून बसत, पिंडाला काही शिवत नसत. मध्येच वाऱ्यानं उदबत्ती विझली. माझ्या काड्या दमट होत्या, म्हणून मी दादामियाँच्या खोलीत जाऊन त्यांची काडेपेटी आणली. ते माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे डोळे लावून बसले होते. मी आत गेलो, बाहेर आलो, ते त्यांना कळलंही नाही.

आणि धोबी आला. भिंतीवर उतरला, शेपटी हलवत झाकणापाशी आला, एक पाऊल, दोन पावलं... इतक्यात घंटा वाजली. चिंगळी अंगण ओलांडून आली ती एका उडीत भिंतीवर. पक्षी उडाला. मांजरीनं दहीभात हुंगला आणि आम्ही दोघं बघत असताना शांतपणे खाऊन टाकला.

मी ओरडलो. इतका मी आयुष्यात कुणावर ओरडलेलो नाही. “साधी कडी लावता येत नाही तुम्हाला? माझ्या आईचा घास होता तो!”

“लावली होती रे...” असं दादामियाँ एकदाच पुटपुटले. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात त्यांना फसवून गेला होता. “ऱ्हायली असेल. चुकलं माझं. मना माफ कर.” मी खिशात हात घातला आणि बोटांना काडेपेटी लागली. त्या क्षणी मला सगळं कळलं. कडी मी काढली होती. ती परत लावायला मी विसरलो होतो. त्या वेळी तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? मी उघडलं नाही.

दुपारी ते कुठूनसा खजुराचा वाळका झाप घेऊन आले. मीच कधीतरी बोलताना सांगितलं होतं, की कावळा आलाच नाही तर दर्भाचा करतात. ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. झापाच्या पात्या विणून त्यांनी कावळा केला, चोच केली, स्टोव्हच्या काजळीनं काळा केला आणि माझ्यापुढे धरला. “तुज्या आयेला चालंल काय बग.” मी दुसरा पिंड केला आणि तो कावळा त्याला लावला. तेव्हाही काडेपेटी माझ्या खिशातच होती. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी ती वाळूत भिरकावली.

तीन दिवसांनी संध्याकाळी घंटा वाजली नाही. दादामियाँनी चिंगळीला एका गलबतावरच्या स्वयंपाक्याला देऊन टाकलं होतं. “तुज्या डोळ्यांसमोर नको ती,” एवढंच म्हणाले. मी ‘अहो, कशाला’ असं काहीतरी बोललो. गलबत दोन दिवस धक्क्यालाच होतं, सांगितलं असतं तर मांजर परत आणता आली असती. मी दोन दिवस मोजले आणि ते जाऊ दिलं. त्या हिवाळ्यात थंडी हटता हटेना. दादामियाँ पहाटे एकटेच कोट घालून बसायचे, डाव्या हातानं कोटाची कड अजून तशीच धरलेली, आत काही नसताना. पक्षी मात्र निर्धास्त झाले. धोबी थेट उंबऱ्यापर्यंत यायचा. “बग, आता कसा येतो,” ते मला दाखवायचे, आणि मी आत जायचो.

पुढे मी लग्न केलं, बिऱ्हाड आणलं, दुसरीकडे राहायला गेलो. ईदला मी जायचो, दिवाळीला ते यायचे. आमच्याकडून निघाले की चार पावलं जाऊन परत यायचे आणि बाहेरून दार ढकलून बघायचे. माझी बायको हसायची. मी कधी हसलो नाही. सहासष्ट साली ते कायमचे गावी गेले. निरोप द्यायला मी धक्क्यावर होतो. त्या दिवशी सांगायचं असं पक्कं ठरवून गेलो होतो... सामानाच्या गडबडीत राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं.

गेल्या महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे भाबींनी, तांदळाची भाकरी वाढली. इक्बाल वडिलांच्या गोष्टी सांगत होता. “काका, अब्बांना कडीचं भारी याड होतं. अंथरुणातनं उठवत नव्हतं, तरी तासातासाला विचारायचे, कडी बगितलीस काय?”

भाबी म्हणाल्या, “कुवेतवरनंच आणली ही खोड. एकदा हातनं कडी ऱ्हायली आणि कुणाचं तरी मोठं नुकसान झालं, असं म्हणत. कुणाचं ते मातर शेवटपर्यंत सांगितलं नाय. तुम्ही तं शेजारीच होता. तुमाला ठावं असंल?”

भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता. “नाही भाबी,” मी म्हणालो, “मला काही माहीत नाही.”

हे छापून आलं, की कात्रण इक्बालला पाठवायचं असं मी ठरवलं आहे. समोरासमोर जे कधीच जमलं नाही, ते निदान टपालानं तरी जमावं. त्या दिवशी निघताना इक्बाल मला एस्टीपर्यंत पोचवायला आला. कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यानं अंगणाच्या फाटकाला कडी घातली आणि आम्ही चालू लागलो. दहा पावलं गेलो असू. “थांबा हां काका,” म्हणून तो मागे फिरला, कडी हातानं ओढून पाहिली, आणि ओशाळून हसत परत आला.

“अब्बांची सवय,” तो म्हणाला. “आता मलापण लागली.”