परग्रहावरचं स्टूल

आमच्या गेमचा डेमो जेमतेम वीस मिनिटांचा. पण तो खेळून गेलेल्यांच्या गोष्टी सांगायला बसले, तर दोन कॉफ्या संपतात आणि तरी कुणीतरी राहतंच!

म्हैसूरला, गोकुलममधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघं गेम बनवतो. मी कोड लिहिते, योगेश लेव्हल्स रचतो. गेममध्ये एक परग्रह, रोबोंची फौज आणि लेझर गन घेतलेली आमची हिरॉइन. शेवटी एक मोठं दार आणि दारावर पहारेकरी रोबो. त्याला पाडलं की डेमो संपला.

त्या दाराशेजारी योगेशने एक लाकडी स्टूल ठेवलं होतं. परग्रहावर स्टूल! शिवाय तो पहारेकरी उभ्या उभ्या सारखा उजव्या पायावर झुकायचा.

"बग आहे का रे हा?"

"बग नाही. न लढताही ते दार उघडतं. कसं, ते कुणीतरी शोधेल."

बँकेतली नोकरी सोडून आलेला हा माणूस त्या स्टुलावर महिनाभर राबला होता. मला त्याची दया यायची, पण स्टूल पाहिलं की चीडही यायची. शनिवारी डेमो सगळ्यांसाठी खुला होणार होता. मी बजावलं, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुणाला सापडलं नाही, तर स्टूल आणि सिक्रेट दोन्ही डिलीट!"

तो नुसता "बरं" म्हणाला. मग आम्ही ओळखीपाळखीच्यांना खेळायला बोलवायला लागलो. नियम एकच. कुणी खेळत असताना आपण तोंड उघडायचं नाही.

*

पहिल्या आमच्या घरमालकीण, पद्माक्का. स्क्रीनवर सायरन वाजतोय, लाल-पिवळे दिवे पेटलेत, आणि पद्माक्का भिंतीवरचं एकेक बटण शोधून दिवे बंद करत चालल्यात!

"आत कोण नाही, काय नाही. सुम्ने, उगाच करंट कशाला जाळायचा?"

सगळा अंधार झाला. आणि अंधारात आमच्या रोबोंना काही दिसत नाही, हे तेव्हा कळलं. मला! जिने तो कोड लिहिला तिला!

एकही गोळी न झाडता त्या दारापर्यंत पोचल्या. तिथे पहारेकऱ्याचा डोळा चमकत होता. त्याचं बटण शोधायला त्यांनी त्याच्या पोटाला हात लावला आणि खेळ संपला.

उठताना हळहळल्या, "अय्यो, तेवढा एक लाइट राहिला बघ."

*

मग शेजारच्या योगवर्गातला एक परदेशी पाहुणा. त्याने हिरॉइनला एका खडकावर बसवलं, दोन चंद्रांकडे तोंड करून. रोबो आले, गोळ्या झाडल्या, ती मेली. त्याने पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा तिथेच नेऊन बसवलं. असं अकरा वेळा!

फीडबॅक फॉर्मवर त्याने लिहिलं, "मनाला फार शांतता मिळाली." योगेशने तो फॉर्म भिंतीवर चिकटवलाय.

*

माझी आई गणिताची शिक्षिका होती. तिने चष्मा लावून सूचनांचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग पुन्हा पहिली. पाऊण तास! गेम सुरूच झाला नाही.

शेवटी चष्मा काढून म्हणाली, "उडी कशी मारायची ते लिहिलंयस. का मारायची, ते कुठाय?"

*

शुक्रवारी दुपारी एक कॉलेजवाला आला. त्याने चार मिनिटांत सगळं उडवलं. रोबो, पहारेकरी आणि जाता जाता स्टूलही.

"मॅडम, एकदम सुपर! स्टूल मात्र कशाला ते कळलं नाही."

मी योगेशकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

*

पाच वाजले. मी स्टूल सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक पायरी.

योगेशचे वडील, अप्पा! नजरबादच्या एका सरकारी ऑफिसात ते तीस वर्षं अटेंडर होते. साहेबांच्या दाराबाहेर उभं राहायचं, हेच काम. योगेश दोन वर्षं त्यांना बोलावत होता आणि ते गुडघ्याचं कारण सांगत होते. "आमचे पणजोबा राजाच्या फौजेत होते, आणि हा बटणं दाबतो!" हे सांगायला मात्र गुडघा आड येत नसे. त्या दिवशी पद्माक्कांनी त्यांना देवळात गाठलं होतं म्हणे. "मी खेळले, तुम्हाला काय होतंय?"

अप्पा बसले. मेले, पुन्हा मेले, कसेबसे दारापर्यंत पोचले. पहारेकरी समोर उभा. तो उजव्या पायावर झुकला.

अप्पांनी तोंड स्क्रीनजवळ नेलं. "डावा गुडघा," ते म्हणाले. "कधीपासून उभा आहे रे हा?"

नियम म्हणजे नियम. आम्ही गप्प. योगेश खाली मान घालून बसला होता.

"गन ठेवायचं बटण कुठलं?"

अप्पांनी एकेक करून सगळी बटणं दाबून पाहिली आणि ते शोधलं. मग हिरॉइनला हळूहळू रोबोच्या शेजारी नेलं आणि दाराकडे पाठ करून उभं केलं.

रोबोने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग गुडघे वाकवून तो स्टुलावर बसला. दार उघडलं.

नियम गेला खड्ड्यात! मी ओरडलेच, "काका, उघडलं! जा ना आत!"

अप्पांनी बटणांवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"स्वल्प थांब गं," ते म्हणाले. "आत्ता कुठे बसलाय तो. बसू दे की दोन मिनिटं."