तपासणीचं पान

अण्णा गेल्याचा फोन आला तो चर्चच्या माणसांकडून. माझा सख्खा थोरला भाऊ, तंजावरच्या राजवाड्यामागच्या माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटा राहणारा, आणि तो गेला हे मला कळवणार कोण, तर स्टेल्ला नावाची एक परकी बाई! "अम्मा, राव सार झोपेतच गेले, लवकर या," ती तमिळमध्ये म्हणाली. रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, हिला कसं कळलं? ही त्याच्या घरात काय करत होती? महिना उलटून गेला तरी त्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही. आम्हा भावंडांना संशय वडिलोपार्जित मिळालेला. दूधवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत त्यातून कोणी सुटलं नाही. अण्णाने तर संशयावर संसार चालवला. सरकारी धान्य गोदामात तांदूळ तपासायची त्याची नोकरी. पोत्यातला दाणा दाताखाली फोडून तो समोरच्याकडे असा बघायचा, की प्रामाणिक माणसालाही घाम फुटावा.

पाच-सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली. मूलबाळ नव्हतं. माझं सासर पुण्याचं, तिथेच माझा हात देवनागरीला आणि पुणेरी मराठीला सरावला. नवरा वारल्यावर मी तंजावरला परतले होते. साहजिकच म्हटलं, अण्णा, दोन्ही वेळचा डबा मी पाठवते. तो आमच्या तंजावरी मराठीत म्हणाला, "आज डबा पाठिवतीस, उद्या घराची किल्ली मागशील. मला अन्न करायला एतं." बरं, येतं तर येतं, असं म्हणून मी फणकाऱ्याने परत आले. पुढे थोड्याच दिवसांत तो चर्चमध्ये जाऊ लागला.

बाजारापलीकडच्या त्या चर्चची मंडळी मागच्या शेडमध्ये रोज दुपारी भुकेल्यांना जेवू घालतात. बस स्टँडवरचे म्हातारे, बांधकामावरचे मजूर, मुलांनी टाकलेल्या बाया, जो येईल त्याला. त्यांच्यातली पद्धत अशी, की प्रत्येक घरी भात लावायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि रविवारी प्रार्थनेला येताना ते पिशवीतून आणायचे. त्या मुठींवर आठवडाभराची जेवणं निघतात, शिवाय त्यांच्यातलं कोणी आजारी असेल तर घरी डबा जातो. "फुकट भात कोण देतं, सांग बघू?" अण्णा म्हणाला. "पोटातून धर्मांत ओढायचं काम हे. मी लक्ष ठिवायला जातों." मला ते पटलं, थोडा अभिमानही वाटला. परत आला की तो तक्रारी सांगत बसायचा. पोन्नी, इडलीचा तांदूळ, रेशनचा, सगळं एकाच पोत्यात. मग अर्धा भात गिच्च आणि अर्धा कच्चा, दुसरं काय होणार? शेवटी त्यानेच दारात वेगवेगळी पिंपं ठेवायला लावली आणि कुठल्या घरची मूठ कुठे पडते हे रविवारी बाहेर उभं राहून बघू लागला. एका डॉक्टरच्या बायकोचे किडके तांदूळ त्याने सगळ्यांदेखत परत केले म्हणे.

पण पहारा तरी किती वर्षं करायचा? रोज उन्हं चढताना गुळगुळीत दाढी करून, धुतलेला शर्ट घालून निघणारा हा माणूस पहाऱ्यावर चाललाय, असं मला वाटेना. मग मीच त्याच्यावर लक्ष ठेवू लागले. देवापुढे दिवा लागतो का, बनियनच्या गळ्यातून जानवं दिसतं का, तोंडातल्या तोंडात काय गुणगुणतो... दिवा लागत होता, जानवंही होतं, तरी मन मानेना. एकदा सरळच विचारलं, "अण्णा, तूं त्यांच्यांत गेलास काय?" तो उसळलाच. "मी? अग, माझ्या भेवानं त्यांच्या पास्टरला झोप लागत नाही!" आणि हसला. त्या हसण्याचाही मला संशय आला.

तो गेला त्या दिवशी चर्चची बरीच माणसं आली. मी त्याच्या उशाशी बसून राहिले, कोणी पुस्तक उघडतंय का, क्रूस काढतंय का, ते बघत. हा आमचा आहे, असं कोणी म्हणालं तर भांडायचं, अग्नी आमच्याच पद्धतीने द्यायचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. कोणी काही म्हणालं नाही. बाया ओसरीवर उभ्या राहिल्या, पुरुषांनी खांदा दिला, कोणीतरी सगळ्यांसाठी कॉफी आणली. ती मी हुंगून मग प्यायले. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांचा डबा सापडला, झाकणावर चर्चचं नाव रंगवलेला. आजारी सभासदाकडे जाणारा डबा आमच्या घरात! मग मात्र माझी खात्री पटली आणि माझा भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

तेरावं उरकल्यावर काही दिवसांनी डबा घेऊन मी चर्चच्या शेडमध्ये गेले. स्टेल्ला भाजी चिरत होती. मी नमस्कारचमत्कार केलाच नाही. "खरं सांग, त्याला बाप्तिस्मा कधी दिलात?"

ती हात पुसत उठली. "सार प्रार्थनेला एकदाही आत आले नाहीत, अम्मा."

"मग हा डबा?"

"दोन दिवस दिसले नाहीत. रोज जेवायला येणारं माणूस आलं नाही, तर आम्ही डबा घेऊन बघायला जातो. पहिल्या दिवशी ताप होता. दुसऱ्या दिवशी..."

"जेवायला?" मी म्हटलं. "तो तपासायला येत होता."

स्टेल्लाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पहिल्यांदा आले ते रांगेत बसले होते. त्यांच्या घरातल्या अम्मा नुकत्याच गेल्या होत्या. चेहरा पार उतरलेला. वाढत वाढत मी त्यांच्यापुढे आले आणि गोदामातल्या जुन्या ओळखीने 'राव सार?' असं तोंडातून निघून गेलं. ते ताडकन उठले, म्हणाले, मी तपासणीला आलोय. पास्टरनी लगेच खुर्ची आणली. म्हणाले, बरं झालं सार, तपासल्याशिवाय वाढणं योग्य नाही. तेव्हापासून रोज पहिलं पान त्यांचं. ते तपासायचे... अगदी ताकभातापर्यंत."

ही बाई रचून सांगते आहे, असंच मला वाटलं. माझ्या भावाला भुकेला ठरवते आहे! पण ती खुर्ची तिथे होती. आणि मग मला अण्णाचा असा राग आला, की तो समोर असता तर मी त्याला गदागदा हलवलं असतं. दोन गल्ल्यांवर मी रोज एकटीपुरता भात लावत होते. पोट खपाटीला गेलं तरी मला एक शब्द बोलला नाही, आणि परक्यांच्या रांगेत जाऊन बसला. त्यांनी सगळ्यांनी मिळून, इतकी वर्षं, त्याची अब्रू झाकली. हे आम्हाला जमलं नसतं.

कोपऱ्यातल्या चुलीवर एक लहान पातेलं उकळत होतं. ते कशाचं, असं मी विचारलं. "सारांचं रसम," स्टेल्ला म्हणाली. "त्यांना लसूण चालत नाही ना."

"तो गेलाय, बाई. आता कुणासाठी करता?"

"सकाळी हात आपोआप तिकडे जातो, अम्मा. शेवटी आम्हीच वाटून घेतो." आणि बोलता बोलता तिने खुर्चीपुढच्या टेबलावर पान मांडलंसुद्धा.

"मी जेवून आले आहे," मी म्हटलं. सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. "नुसतं तपासून बघते."

ती हसली नाही. "बघा अम्मा," म्हणाली आणि भात वाढला.

मीठ जरा कमी होतं. तसं मी तिला सांगितलंही. मग पान रिकामं होईपर्यंत तपासत राहिले.