नाचणीचं पाणी निवळताना

आज सत्त्वासाठी नाचणी वाटली आणि त्या ओल्या पिठाच्या वासाने मला जामसंड्याच्या घरी नेलं. तेव्हा बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. टोपातलं पाणी अजून दुधाळच, म्हणून आई निवळायची वाट बघत बसलेली. मी कॉलेजात नुकतंच शिकलेलं सांगितलं, "पाणी सगळ्या कणांका धक्के मारता गो आये. जाड कण हलना नाय, तळाक बसता. बारीक हलतच रवता."

फळीवरच्या बाबांच्या कपाकडे बघत आई म्हणाली, "दुःखाचा तसाच आसा. मोठा बसता तळाक. बारीक काय बसना नाय."

तेव्हा मला ते फक्त बोलणं वाटलं.

आई गेली, हे आता तळाशी बसलंय. पण वरचं पाणी ओतताना तिचं "सावकास गो, गाळ उठात" ऐकू येतं, आणि हात थांबतो.