रंगनाथ प्रॉम्प्टर आणि रेश्माचा इंग्रजीचा पेपर

सव्वीस वर्षं रंगनाथ वही घेऊन माझ्यासाठी विंगेत उभा राहिला आणि तेवढ्या काळात त्याने मला पूर्ण वाक्य एकदाच सांगितलं. कोपरगावला, साखर कारखान्याच्या मैदानावर. एरवी मी अडले की तो पहिला शब्द हळूच सोडायचा आणि थांबायचा. पुढचं मला सुचायचं, टाळी मी घ्यायचे. त्या प्रयोगात मात्र शब्द मिळूनही माझी पाटी कोरीच राहिली. पडदा पडल्यावर मी तोंड लपवत होते, तर हाच येऊन म्हणाला, "बाई, पूर्ण वाक्य द्यावं लागलं. म्हणजे तुमची तालीम मीच कच्ची घेतली."

पुढे आमची नाटक कंपनी बंद पडली. रंगनाथ आपल्या गावी, शेवगावला परतला आणि एसटी स्टँडसमोर त्याने झेरॉक्सचं दुकान टाकलं. मीही आता लेकीकडे शेवगावातच असते. दुपारच्या चहाला त्याच्या दुकानात जाते. तिथली एक प्लास्टिकची खुर्ची माझी. तिच्यावर गिऱ्हाईक टेकलं तर रंगनाथ त्याला उठवतो. "नायिकेची जागा आहे," म्हणतो. गिऱ्हाईक माझ्या पिकल्या केसांकडे बघतं आणि मुकाट उठतं.

गेल्या जानेवारीत तिथे रेश्मा आली. जवळच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस, वय चौतीस. शाळा सुटल्यावर सोळा वर्षांनी ती बाहेरून बारावीला बसली होती. बाकीचे विषय निघाले, इंग्रजी दोनदा राहिलं. अंगणवाडीच्या सेविका झुंबरबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी अर्ज करायचा तर बारावी पास हवी. फेब्रुवारीचा पेपर गेला, तर जागाही गेली. यंत्रावर गाईडची साठ पानं ठेवता ठेवता तिने हे सगळं सांगून टाकलं.

रंगनाथने बटण दाबलं नाही. "पहिलं पान येतं का तुला?"

"लई येळा वाचलंय, नाना."

"किती वेळा वाचलं ते नाही विचारलं." त्याने पान उलटं केलं. "आता सांग."

रेश्मा छताच्या पंख्याकडे बघत राहिली. "वाचताना समदं येतं."

"वाचताना आमच्या कंपनीत आचाऱ्यालाही नाटक येत होतं. उद्या अंगणवाडी सुटली की ये."

"तुमाला इंग्रजी येतं व्हय?"

"नाही. पण तू अडलीस की मला कळतं."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तालीम सुरू झाली. पुस्तक रंगनाथच्या हातात, मिटलेलं. आधी मराठीत सांगायचं: धड्यात कोणाला काय हवंय आणि कोण आडवं येतंय. एका कवितेत एक म्हातारा अंगणातलं झाड तोडायला निघतो आणि फांदीवरचं घरटं बघून कुऱ्हाड खाली ठेवतो. गाईडात त्यावर दीड पान उत्तर होतं आणि रेश्माला त्यातलं अक्षर आठवेना. म्हणून मी म्हातारा झाले. रंगनाथची छत्री कुऱ्हाडीसारखी खांद्यावर टाकून दुकानभर फिरले. यंत्राशी थांबून छत्री हळूच खाली ठेवली.

रेश्मा खुदकन हसली. "आमच्या सासऱ्यावानी हाय. तोंडानं तोडतो तोडतो म्हनंल, पन हात न्हाई उचलायचा."

"हेच इंग्रजीत लिही," मी म्हणाले.

"असलं चालतंय?"

"का नाही? म्हातारा तुला कळलाय."

तिने तीन लहान वाक्यं लिहिली. तिची स्वतःची. ती पुन्हा कधी विसरली नाही.

रंगनाथचं काम वेगळं होतं. बोलताना ती जिथे थबकायची, तिथे तो तिच्या कागदावर पेन्सिलीने बारीक फुली मारायचा. दुसऱ्या दिवशी तालीम पहिल्या ओळीपासून नाही, फुल्यांपासून. ती कुरकुरली. "पयल्यापासून घेऊ की, नाना. वरचं चांगलं येतंय."

"पहिला अंक सगळ्यांचा पक्का असतो. रोज तोच करतात ना. प्रयोग पडतो तिसऱ्या अंकात."

फुली सुटली तरी लगेच पुसायचा नाही. "चार दिवसांनी विचारीन. तोवर जरा विसर." चार दिवसांनी आलं, तर खोडरबर रेश्माच्या हातात द्यायचा. फुली पुसताना तिचा चेहरा असा खुलायचा की शेजारचा रसवंतीवाला बन्सी विचारायचा, "आज किती विकेट?"

पेपरला दहा दिवस उरले तेव्हा तिने दुकानात बसून सरावाचा पेपर लिहिला. सुरेख लिहिला. पण मी आयुष्यभर विंगेकडे चोरून बघितलंय, दुसऱ्याची तशी नजर मला लगेच कळते. दर दोन ओळींना रेश्मा मान वर करत होती. मी रंगनाथकडे पाहिलं, तर याचे ओठ हलत होते. महिनाभर ऐकून ऐकून या माणसाला एकाही इंग्रजी शब्दाचा अर्थ न कळता सगळी उत्तरं पाठ झाली होती.

"रंगनाथ," मी म्हणाले, "तुझे ओठ."

त्याने हात तोंडावर नेला. रेश्मा पटकन वहीवर वाकली. दोघंही चोर. "परीक्षेच्या हॉलात विंग नसते गं," तो शेवटी म्हणाला आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला.

पाठमोऱ्या रंगनाथला तोंडी उत्तर सांगताना ती चौथ्या वाक्यालाच अडली. त्याची मान ताठ झाली, मांडीवरची बोटं एकमेकांत रुतली. पहिला शब्द त्याच्या जिभेवर असणारच. सव्वीस वर्षांत तो इतका वेळ गप्प राहिलेला मी पाहिला नव्हता. मग रेश्मा बोलली. शब्द गाईडातले नव्हते, वाक्यही साधंच होतं, पण ते पुरं झालं. रंगनाथने भिंतीकडे बघूनच बन्सीला तीन रस सांगितले.

पेपर देऊन ती तडक दुकानात आली. "येका जागी अडले, नाना."

"मग?"

"म्होरल्या बाकावरच्या पोराची पाठ दिसत हुती. म्हनलं, हे नानाच हाईत, न्हाई सांगायचे. मग आठवलं."

मे महिन्यात निकाल लागला. इंग्रजीत एकावन्न. अर्जाला लावायला गुणपत्रिकेच्या तीन प्रती काढायला आणि पेढ्यांचा पुडा द्यायला ती आली, तेव्हा झुंबरबाई स्वतः तिच्यासोबत होत्या. रंगनाथला इतका आनंद झाला की त्याने झुंबरबाईंना ऐकवलं, "मलाही एक इंग्रजी कविता येते." आणि ताठ उभा राहून त्याने ती म्हाताऱ्याची कविता सुरू केली. दोन ओळी झोकात झाल्या. तिसरीला रंगनाथ थांबला. पंख्याकडे बघू लागला.

रेश्माने यंत्राआडून एकच शब्द हळूच सोडला आणि ती थांबली.